एका ओळीतला तालुका

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात स्वातंत्र्यलढ्याच्या शेवटच्या पर्वावर एक प्रकरण आहे. १९४२च्या भूमिगत चळवळीबद्दल सांगताना त्यात कर्जत तालुक्यातल्या भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्त्या’चा उल्लेख येतो. उल्लेख जेमतेम एका ओळीचा. लगेच पुढे नागपूरच्या जनरल आवारींची ‘लाल सेना’ येते. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुलांसाठी एकच पुस्तक असल्यावर कोणत्याही एका तालुक्याच्या वाट्याला याहून जास्त जागा येणं कठीण. त्याबद्दल पाठ्यपुस्तक मंडळाला दोष देता येत नाही. पण नेरळ, कर्जत, कशेळे, चौक, खालापूर इथल्या वर्गांतही ती ओळ तितक्याच वेगाने वाचून पान उलटलं जात असेल, तर इथल्या मुलांचं मोठं नुकसान होतं. नेरळमधून माथेरानचा डोंगर दिसतो, आणि कोतवाल त्या डोंगरावर जन्मले होते.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२चा. कुटुंब नाभिक समाजाचं, परिस्थिती बेताची. तरीही ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. डोंगराखालच्या गावांत त्यांनी शाळा काढल्या. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की शेतकरी सावकाराच्या दारात जायचा. ते टळावं म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडायला सुरुवात केली. २ जानेवारी १९४३ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी तळावर हल्ला केला. त्यात कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील मारले गेले. कोतवालांचं वय तेव्हा ३० वर्षांचं होतं.

बहुतेक वर्गांत पाठ इथे संपतो. जन्म, कार्य, हौतात्म्य झालं की परीक्षेपुरती टीप तयार होते. माझं म्हणणं असं, की खरा पाठ इथून सुरू होतो. वर्गात एकच प्रश्न टाकायचा: पाडायला मनोरेच का निवडले? पोलीस चौकी, कचेरी, पोस्ट असं सगळं हाताशी असताना डोंगरात उभे असलेले लोखंडी मनोरे का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला वर्गातल्या कोणालाही पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात जावं लागत नाही. खोपोलीचा मुलगा डोंगरावरून उतरणारे जाड जलवाहिनीचे नळ रोज पाहतो. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं आणि पायथ्याला जनित्रं फिरवायची, ही टाटांची योजना. १९१५मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. १९२२मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र आंध्रा नदीच्या पाण्यावर सुरू झालं. ही वीज परळच्या केंद्रात जायची आणि तिथून गिरण्यांना मिळायची. त्याआधी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. १९४२ साली दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि मुंबईच्या गिरण्या सैन्यासाठीही कापड विणत होत्या. म्हणजे कर्जतच्या रानात एक मनोरा पडला की त्याचा धक्का परळच्या साच्यांना आणि तिथून इंग्रजांच्या युद्धसामग्रीला बसायचा. खेड्यातल्या मूठभर माणसांनी साम्राज्याची नेमकी कोणती शीर धरली होती, हे मुलांना यातून कळतं. शौर्याच्या शंभर विशेषणांनी ते कळत नाही.

आणि हा प्रश्न इथेच थांबत नाही. पाणी कोणाचं होतं? सह्याद्रीच्या माथ्यावरच्या त्या नद्या मुळात पूर्वेला वाहणाऱ्या. त्यांचं पाणी धरणांनी पश्चिमेला वळवलं आणि त्या धरणांखाली मावळची भातखाचरं गेली. १९२१मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती त्याच लढ्यात. मुळशीत धरण झालं आणि १९२७पासून त्याच्या पाण्यावर भिऱ्याचं केंद्र चालू लागलं. आता नववीच्या मुलांसमोर दोन घटना ठेवता येतात. १९२१मध्ये वीज होऊ नये म्हणून आडवे पडलेले शेतकरी आणि १९४२मध्ये वीज पोचू नये म्हणून मनोरे कापणारे तरुण. दोघांचा राग सारखा होता का? दोघांचा शत्रू एकच होता का? चौदा वर्षांच्या मुलांना हे झेपत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वर्गात विचारून पाहावं. धरणात जमीन जाणं म्हणजे काय, हे या तालुक्यांतल्या मुलांना ऐकून तरी माहीत असतं.

तिसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो टाळू नये. हे योग्य होतं का? काँग्रेसच्या आतच यावर दोन मतं होती. अरुणा असफअली आणि अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहून लढत होते. माणसाचा जीव न घेता सरकारी यंत्रणा मोडणं हे अहिंसेच्या चौकटीत बसतं, असं भूमिगतांपैकी अनेकांचं म्हणणं होतं. मे १९४४मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी मात्र गुप्त कामाला संमती दिली नाही. भूमिगतांनी उघड व्हावं, असा सल्ला दिला. गिरणी बंद पडली तर कामगाराची रोजी बुडते, हाही मुद्दा वर्गात कोणीतरी काढेल, आणि काढावा. कोतवालांबद्दलचा आदर यामुळे कमी होत नाही. आपल्या निर्णयाची किंमत ठाऊक असूनही या माणसाने तो घेतला, हे मुलांना दिसतं आणि आदर डोळस होतो. हुतात्म्याला प्रश्नांपासून वाचवायची गरज नसते. सिद्धगड आज ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात आहे. तिथे दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात. शाळांनी मुलांना तिथे न्यावं, पण हे तीन प्रश्न वर्गात होऊन गेल्यावर न्यावं.

प्रश्नाने सुरुवात करायची ही रीत माझी नाही. इंग्लंडमध्ये १९७२पासून १३ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी इतिहासाचा एक मोठा प्रकल्प चालला. त्यात मुलांच्या हातात मूळ साधनं देऊन ‘हे कशावरून?’ असं विचारायला शिकवलं गेलं आणि गावाभोवतालच्या जागांचा अभ्यास हा त्याचा एक भाग होता. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ या संस्थेने १९८०च्या दशकात सरकारी माध्यमिक शाळांसाठी सामाजिक अभ्यासाची वेगळी पुस्तकं केली आणि परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर लिहायची मुभा दिली. पाठ केलेलं तपासायचं नसेल तर पुस्तक बंद ठेवायची गरजच काय, इतका साधा विचार त्यामागे होता. महाराष्ट्रात तर याचं मूळ शंभर वर्षांहून जुनं आहे. वि. का. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि कागद पाहिल्याशिवाय बोलायचं नाही अशी शिस्त मराठी इतिहासाला लागली. ती शिस्त संशोधकांपुरती राहिली. शाळेच्या तासाला ती पोचली नाही.

कर्जत-खालापुरात ती पोचवणं सोपं आहे, कारण इथे साधनं रस्त्यात पडलेली आहेत. पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थोडी जास्त थांबते, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. फलाटावरचा वडा त्या थांब्यावरच वाढला. गाडी थांबते ती मागे जादा इंजिनं जोडण्यासाठी, कारण पुढे बोरघाटाचा चढ आहे. इथून १८५३च्या बोरीबंदर-ठाणे रेल्वेपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट सुरू होते. १८५६मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. तिथे प्रवासी उतरायचे, पालखीने किंवा पायी खंडाळ्याला चढायचे आणि वर दुसरी गाडी धरायचे. घाटातला मार्ग पुरा व्हायला १८६३ साल उजाडलं. आजची कर्जत-खोपोली लोकल पळसदरीच्या पुढे केळवली, डोळवली, लौजीवरून जाते, तो त्या जुन्या मार्गाचाच तुकडा आहे. खोपोलीचा विद्यार्थी त्या लोकलने कर्जतच्या कॉलेजात येतो, पण आपण १८५६च्या मार्गावरून प्रवास करतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

घाटाच्या बांधकामावर एक तास खास ठेवावा. १८६१च्या सुमारास या कामावर ४२,००० हून अधिक मजूर होते. पटकीने हजारो माणसं मेली. १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात उद्रेक झाला आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराने त्याच वर्षी काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मेला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या नावे चालू ठेवलं आणि अभियंत्यांच्या मदतीने ते तडीस नेलं. हे सांगून झाल्यावर मुलांना वहीचं पान दुमडून दोन रकाने करायला सांगावं. एका रकान्यात या गोष्टीतल्या ज्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक आहेत ती, आणि दुसऱ्यात नाव माहीत नसलेली. पहिला रकाना चार ओळींत संपतो. दुसऱ्यात ४२,००० माणसं असतात. कागद कोणी लिहिले आणि कोणाचे टिकले, हा इतिहासलेखनातला सगळ्यात मोठा प्रश्न मुलांच्या हातून असा आपोआप मांडला जातो. दहावीच्या पुस्तकातली पहिली दोन प्रकरणं इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेवर आहेत. मुलं ती घोकतात आणि विसरतात. हे दोन रकाने आधी झाले असतील तर ती प्रकरणं त्यांना समजतील.

दहावीच्या त्याच पुस्तकात पुढे उपयोजित इतिहास, पर्यटन आणि इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन अशी प्रकरणं आहेत. म्हणजे अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांनी दार उघडं ठेवलेलं आहे. तरीही सहल निघते ती बहुतेक वेळा करमणुकीच्या ठिकाणी. मुलांना मजा हवी, ती मिळावी. पण खालापूर तालुक्यातलं चावणी आणि त्याजवळची उंबरखिंड काही दूर नाही.

फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसलेला. त्याने कारतलबखानाला कोकणात पाठवलं. सोबत माहूरकडची सरदार स्त्री रायबाघन होती. फौज कुरवंड्याच्या वाटेने घाट उतरली आणि दाट रानातल्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांनी तिची दोन्ही तोंडं बंद केली. खानाने खंडणी देऊन शरणागती पत्करली आणि महाराजांनी त्याला जाऊ दिलं. ही हकिकत सविस्तर मिळते ती कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात. ते काव्य तंजावरात सापडलं आणि स. म. दिवेकरांनी १९२७मध्ये मराठी भाषांतरासह छापलं. परमानंद महाराजांच्याच आश्रयाला होते. मग त्यांनी लिहिलेलं किती धरायचं? सुरुवातीला मुलं बिचकतात, महाराजांच्या कवीवर शंका घ्यायची म्हणजे महाराजांवर घ्यायची असं त्यांना वाटतं. इथे शिक्षकाने घाई करू नये. खिंडीत उभं करून विचारावं: घोडदळाला इथे वळता येईल का? वरून दगड आला तर कुठे जाल? पाणी कुठे आहे? या जागेवर काव्यातलं वर्णन बसतं की नाही, हे मुलं स्वतः पाहतात. जमीन हे दुसरं साधन, आणि ते पहिल्याला तपासतं. लढाईच्या स्मारकापुढे फोटो काढून परतलेल्या सहलीत हे होत नाही.

कोंढाण्याच्या लेण्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पावसाळ्यात तिकडे गर्दी वाढली आहे आणि इतिहासाचं लक्ष मात्र कमी आहे. राजमाचीखालच्या या बौद्ध लेण्यांतला चैत्य इसवी सनापूर्वीच्या काळातला. तिथल्या ब्राह्मी लेखाचा अर्थ एवढाच, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. राजाचं नाव नाही, दानाची रक्कम नाही. गुरूचं नाव घेऊन स्वतःचं नाव कोरणारा एक कारागीर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, कर्जत तालुक्यात काम करणाऱ्या या माणसाचं नाव आपल्याला वाचता येतं. बोरघाटाचे दोन रकाने करून आलेल्या मुलाला या ओळीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

शिक्षकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. तालुक्याची जुनी माहिती शोधताना १८८३चं कुलाबा गॅझेटिअर उघडलं तर कर्जत सापडणार नाही. तेव्हा कर्जत आणि त्यातलं खालापूर पेठा ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून १८८२चे ठाण्याचे खंड पाहायचे. तालुका पुढे कुलाब्याला जोडला गेला आणि १९८१मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. हे जुने खंड महाराष्ट्र शासनाने संगणकावर खुले केले आहेत. त्यातली दोन पानं छापून वर्गात वाटली, तर इंग्रज अधिकाऱ्याला आपलं गाव कसं दिसलं आणि काय दिसलं नाही, यावर एक पूर्ण तास जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या दोन्ही तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वस्त्या मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरात सनद नाही, बखर नाही, वाड्याचा नकाशा नाही. पाठ्यपुस्तकातला इतिहास वाचताना या मुलांना स्वतःचं घर कुठेच भेटत नाही. त्यांच्या आज्याजवळ मात्र मोठा इतिहास आहे. कातकरी खैराच्या लाकडाचा काथ काढायचे. १८७८च्या वन कायद्याने जंगल सरकारच्या ताब्यात गेलं आणि तो धंदा हळूहळू बसला. त्यानंतर कोळसा पाडणं आलं, वीटभट्ट्या आल्या. आज महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकऱ्यांचीही गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. आठवीत ब्रिटिशांच्या वन धोरणाचा उल्लेख आला की त्या तासाचा तज्ज्ञ शिक्षक नसतो, मागच्या बाकावर बसलेली वाडीवरची मुलगी असते. तिला तसं वाटलं पाहिजे.

नववीच्या पुस्तकाची सुरुवात इतिहासाच्या साधनांनी होते. लिखित, भौतिक, मौखिक असे प्रकार मुलं पाठ करतात. मौखिक साधन हे दुय्यम, लोकगीतांपुरतं, असा समज त्यांतून राहतो. त्याला उत्तर कायद्यातच आहे. २००६च्या वन हक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं आदिवासी कुटुंबाला दाखवावं लागतं, आणि २००८च्या नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा त्यासाठी पुरावा म्हणून चालतो. म्हातारीने सांगितलेली आठवण, नीट विचारून, नीट लिहून घेतली, तर तिच्यावर कुटुंबाची जमीन ठरू शकते. इतिहास कशासाठी शिकायचा, याचं याहून ठोस उत्तर मला माहीत नाही. कोणाला विचारलं, कधी विचारलं, त्यांचं वय काय, ते स्वतः पाहिलेलं सांगतात की ऐकलेलं, दुसऱ्या कोणाच्या सांगण्याशी जुळतं का, हे पाच प्रश्न मुलांनी वहीत लिहून घेतले की पद्धत शिकून झाली.

या कामाला एक मर्यादा पाळावी. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अनेक कुटुंबं गेली, काहींचे मृतदेहही मिळाले नाहीत. त्या वाडीचा इतिहास लिहिला गेला पाहिजे, आणि तो तिथल्याच माणसांनी सांगितलेला असला पाहिजे. पण ज्याच्या घरातली माणसं गेली, त्याच्यापुढे शाळकरी मुलांना वही घेऊन बसवू नये. ते स्वतःहून बोलतील तेव्हा ऐकावं.

‘पोर्शन कधी संपवायचा?’ हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. आठवड्याचे तास थोडे, त्यातले काही निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामात जातात, आणि शेवटी चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, विधान सकारण स्पष्ट करा हेच विचारलं जातं. पण ‘सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न मनोऱ्यांचा पाठ ऐकलेला मुलगा जास्त चांगला सोडवतो, कारण कारण शोधायची सवय त्याला लागलेली असते. सगळी प्रकरणं अशी शिकवता येणार नाहीत, त्याची गरजही नाही. वर्षात दोन विषय निवडावेत, एक जागेचा आणि एक माणसांच्या आठवणींचा. बाकीचं नेहमीसारखं शिकवावं. सामाजिक शास्त्रात इतिहास-राज्यशास्त्राच्या ४० आणि भूगोलाच्या ४० गुणांखेरीज २० गुण शाळेच्या हातात असतात. त्यांतले काही या वहीला द्यावेत.

आणि हे काम पहिल्या सत्रात करावं. गणपतीनंतर पाऊस उघडतो, खिंडीत आणि लेण्यात जाता येतं, म्हातारी माणसं ओट्यावर निवांत भेटतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर निघून जातात, त्यांची मुलंही त्यांच्याबरोबर जातात, आणि ती पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात.